बॅगेची खूण

आमच्या घरात नावांचा काही उपयोग नाही. लेकीचं नाव आम्ही बायका जमवून, पाळणा सजवून, घुगऱ्या वाटून हौसेनं ठेवलं. ते नाव तिनं आजवर एकदाही ऐकलेलं नाही. ती जन्मापासून बहिरी आहे. तिच्यापायी आम्ही सगळेच हळूहळू नावं विसरलो आणि खुणांवर आलो. शहागंजात आमचं शिवणयंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान, वर दोन खोल्यांत आमचा संसार. माझे यजमान दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या मशीनचं चाक फिरवून बघत बसलेले, म्हणून त्यांची खूण म्हणजे हवेत चाक फिरवायचं. शेजारच्या दुकानातले अत्तरवाले चाचा म्हणजे मनगट नाकाशी न्यायचं. आणि मी म्हणजे उजवा हात खांद्यावर नेऊन मूठ आवळायची, बॅगेचा पट्टा धरतात तशी.

मी केंद्र सरकारच्या सुरक्षा दलात होते. आज इथल्या कारखान्याच्या गेटवर, उद्या तिकडच्या बंदरावर, परवा कुठल्या विमानतळावर, असं आमचं काम. सुट्टीवर यायचे तेव्हा खांद्यावर बॅग, परत निघायचे तेव्हा खांद्यावर बॅग. पोरीनं जे पाहिलं तेच हातानं सांगितलं.

मी मूळची शेंद्र्याची. आमच्या घरात वर्दीचं कुणाला कौतुक नव्हतं. माझ्या आजानं रझाकारांचे दिवस आणि मागून झालेली पोलीस ॲक्शन दोन्ही पाहिलेली. खाकी कपड्यातला पोस्टमन दिसला तरी म्हातारा आत जाऊन बसायचा. अशा घरातली मी भरतीला उभी राहिले, पळाले, आणि निवडले गेले. ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी आमच्या उस्तादनं सगळ्या मुलींना दागिने काढायला लावले. माझ्या नाकात आईनं घातलेली चमकी होती. ती काढून रुमालात बांधली, ट्रेनिंग संपेस्तोवर भोक बुजलं, आणि नंतर पुन्हा टोचून घ्यायचं राहून गेलं. तेव्हा वाटलं नव्हतं की या एवढ्याशा भोकावर पुढं इतकं काही अडेल.

लग्न ठरलं तेव्हा सासरी नोकरीचं कौतुकच झालं. सेंट्रलची नोकरी म्हटल्यावर सासऱ्यांनी पाहुण्यारावळ्यांत चारचौघांना ऐकवलं. पण सेंट्रल म्हणजे सगळा देश, आणि त्या देशात औरंगाबाद हे एवढंसं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. घरात सासरे, हे, आणि यांची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. आक्काच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि ती लासूर स्टेशनहून एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली, ती कायमची. सासरचं बाकी सगळं तिनं तिथंच टाकलं. नाकातली चमकी तेवढी ठेवली. म्हणायची, "ही मव्ह्या बापानं केलेली हाय. त्याचा काय संबंध?"

लेक झाली, मी बाळंतपणाची रजा संपवून परत कामावर गेले, आणि पोर आक्काच्या मांडीवर वाढायला लागली. पुढच्या गणपतीत मी सुट्टीवर होते. विसर्जनाची मिरवणूक आमच्या दुकानाखालून चाललेली, ढोल-ताशांनी खिडकीची तावदानं थरथरत होती. पोर गाढ झोपलेली. आक्का कौतुकानं म्हणाली, "बघ, किती गुणाची झोप हाय!" मीही हसले. हे मात्र हसले नाहीत. त्यांनी खाली वाकून पोरीच्या कानाजवळ जोरात टाळी वाजवली. तिची पापणी हलली नाही. ताशे वाजतच होते आणि आम्ही तिघंही एकमेकांकडं बघायचं टाळत होतो.

पुढं दवाखाने झाले, कानाची यंत्रं झाली. यंत्रानं फारसं साधलं नाही. मग शहरातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. तिथल्या बाई कडक, पण जीव लावणाऱ्या. त्या मुलांना ओठ वाचायला शिकवायच्या, आणि मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांशी हातांनी जे बोलायची तेही त्यांनी कधी बंद केलं नाही.

लोक मला म्हणायचे, पोरीला सोबत का नेत नाहीस? लोकांना बोलायला काय जातं! एकदा नेऊनही पाहिलं. पूर्वेकडं एका पोलाद कारखान्यावर होते तेव्हा क्वार्टर मिळालं. पोरीला आणि आक्काला घेऊन गेले. तिथं बहिऱ्यांची शाळा होती, पण शिकवणाऱ्यांचे ओठ हिंदी बोलणारे. पोरगी नुकतीच मराठी ओठ ओळखायला लागली होती. "पाणी", "पोळी", "ये" एवढे शब्द मोठ्या कष्टानं तिच्या गाठीला आले होते, ते तिथं कुणाच्याच तोंडावर दिसेनात. महिन्याभरात तिनं माणसांच्या तोंडाकडं बघणंच सोडलं. भिंतीकडं तोंड करून बसायची. शेवटी आक्काच म्हणाली, "बाई, तू मला वाईट म्हण, पण मी हिला घेऊन जाते. हितं ही मुकीबी व्हईल." मी दोघींना गाडीत बसवून दिलं. पोर खिडकीतून माझ्याकडं बघत होती. गाडी हलली तेव्हा तिनं पहिल्यांदा ती खूण केली, खांद्यावर मूठ. मला वाटलं, ती मला टाटा करते आहे.

नोकरी सोड, असंही सांगून झालं सगळ्यांचं. पुरुष घर सोडून ड्यूटीवर गेला की त्याला ओवाळतात. बाई गेली की म्हणतात, पोर टाकून गेली. मी नोकरी सोडली नाही, आणि आजही मी चुकले असं म्हणणार नाही. पोरीच्या तपासण्या, यंत्रं, सगळं माझ्या नोकरीच्या जोरावर चाललं होतं. आणि दुसरं म्हणजे मला माझं काम आवडायचं. पट्टा आवळून गेटवर उभी राहिले की मी कुणाची सून, कुणाची वहिनी नसायची. पण काम आवडतं म्हणून काळजाला कमी लागतं असं थोडंच असतं?

बरॅकीतल्या इतर बाया संध्याकाळी फोनच्या बूथवर रांग लावायच्या. आतून ओरडणं ऐकू यायचं, "दूध प्यायलास का? अभ्यास केला का?" माझी पाळी आली की मी आक्काशी बोलायचे. आज काय खाल्लं, शाळेत काय झालं, ताप उतरला का. मी विचारायचे, "ती कुठंय?" आक्का म्हणायची, "हितंच हाय, माझ्या पदराला धरून." मग एकदा म्हणाली, "आता फोन तिच्याजवळ देते." मी म्हटलं, अहो आक्का, तिला काय ऐकू येणार? तर म्हणाली, "तिला पायजे. रोज हट्ट करती." पोरगी रिसीव्हर गालाला दाबून उभी राहायची. आक्का तसं करते म्हणून ती तसं करायची. मला तिकडून तिचा श्वास ऐकू यायचा. मी काही बोलायचे नाही, बोलून कुणाला सांगणार? बाहेरच्या बाया काच वाजवायच्या, "बात नहीं कर रही तो निकल ना!" मी त्यांच्याकडं पाठ करून तो श्वास ऐकत राहायचे.

मला घराजवळ पोस्टिंग हवं होतं, बस. आमच्या दलाला आमच्या शहरात जागा एकच, चिकलठाण्याचं विमानतळ. सकाळी घरून ड्यूटीला जायचं आणि संध्याकाळी जेवायला घरी. विमानं येऊन जाऊन चार, त्यामुळं माणसंही मोजकी लागायची, आणि त्या मोजक्या जागांवर अख्ख्या मराठवाड्याचा डोळा. दरबारात, म्हणजे साहेबांसमोर जवानांनी गाऱ्हाणी मांडायची त्या सभेत, मी दरवेळी उभी राहायचे. नंतर नंतर सोबतच्या मुली माझ्या आधीच हळू आवाजात म्हणायच्या, "सर, औरंगाबाद." साहेब भले होते. म्हणाले, "बेटा, बच्ची को यहाँ ले आओ." मी पोलाद कारखान्यावरची हकीकत सांगितली. ते मान हलवून पुढच्याकडं वळले. नियमात नवऱ्याच्या सरकारी नोकरीसाठी बदलीची सोय होती. सुट्या भागांच्या दुकानासाठी नव्हती, आणि मराठी ओठांसाठी तर कुठंच नव्हती.

सुट्टीवर आले की गल्लीत पहिला प्रश्न ठरलेला. अत्तरवाले चाचा दुकानातूनच विचारायचे, "भाबी, कब आये? कब जारे?" मी म्हणायचे, चाचा, आधी बसू तरी द्या. ते मनापासून ओशाळायचे आणि पोरीच्या मनगटाला अत्तर लावायचे. सुट्टीचे पहिले दिवस पोर लांबून बघायची, मग जवळ यायची, मग रात्री पाय अंगावर टाकून झोपायची, आणि तेवढ्यात निघायचा दिवस उजाडायचा. आक्का माझ्या हातावर दही घालायची. गावाला जाणाऱ्याच्या हातावर दही घातलं की माणूस सुखरूप परत येतं म्हणतात. पोर बाजूला उभी राहून माझं तळहात चाटणं बघायची.

ती सात-आठ वर्षांची असताना मी नेमकी शाळेच्या स्नेहसंमेलनाला सुट्टीवर आले. मुलांनी स्टेजवर येऊन आपापल्या घरच्या माणसांची ओळख करून द्यायची, असा कार्यक्रम होता. आम्ही तिघं पहिल्या रांगेत बसलो होतो, मी मुद्दाम चांगलं पातळ नेसून. बाईंनी हातानं विचारलं, बाबा कुठं? पोरीनं हवेत चाक फिरवून यांच्याकडं बोट केलं. सगळे हसले. बाईंनी विचारलं, आई कुठं? आईसाठी शाळेतली खूण म्हणजे नाकाच्या कडेला, चमकीच्या जागी, बोट टेकवायचं. पोरीनं आनंदानं नाकाला बोट लावलं आणि आक्काकडं दाखवलं.

बाईंना वाटलं, मुलीची गफलत झाली. त्यांनी माझ्याकडं हात करून पुन्हा विचारलं. पोरीनं मान हलवली. मूठ खांद्यावर नेली. नाही, ही बॅगवाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. नाकात चमकी ती आई, असं तिला शिकवलेलं. घरात चमकी एकीच्याच नाकात होती. तीच न्हाऊ घालत होती, तीच भरवत होती, रात्री कुशीतही तीच घेत होती. इतका सरळ हिशेब शाळेत दुसऱ्या कुठल्या पोराला जमला असता? आक्का मात्र मेल्याहून मेली. घरी येताना रिक्षात तिनं पोरीच्या हातावर चापट मारली, "ही तुझी आई, ही! सटवे, मला नरकात घालतीस का?" पोर भेदरून माझ्याकडं नाही, आक्काच्याच कुशीत शिरली. मला फार राग आला. पोरीचा नाही, आक्काचा तर मुळीच नाही. कुणावर काढावा ते कळेना, म्हणून यांच्यावर काढला.

दुसऱ्या दिवशी मी सराफ्यात जाऊन नाक टोचून घेतलं. चमकी घालून, सुजलेलं नाक घेऊन घरी आले आणि पोरीसमोर बसले. तिनं जवळ येऊन हळूच बोट लावलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून फुंकर घातली, आणि पळत जाऊन आक्काला ओढत घेऊन आली. आक्काच्या नाकाकडं बोट, माझ्या नाकाकडं बोट. मग हातानं सांगितलं, छान आहे, दोघींची सारखी. आणि मला पुन्हा त्याच खुणेनं हाक मारली. मी ती चमकी काढली नाही. पण त्यानंतर आशाही फारशी धरली नाही.

वर्षं गेली. सासरे गेले. मोबाईल आले, मग एकमेकांचं तोंड दिसणारे फोन आले आणि आम्हा मायलेकींना पहिल्यांदा बोलता यायला लागलं. ती तेव्हा शिवणकाम शिकत होती. ड्यूटी संपवून मी बरॅकीच्या पायऱ्यांवर बसायचे, मोबाईल विटेला टेकवायचा आणि दोन्ही हातांनी बोलायचे. ती मला हसायची, कारण माझे हात अडखळत. आक्काचे हात भराभर चालायचे, माझे परक्या गावच्या माणसासारखे. ती थांबवून दुरुस्त करायची. ते माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, आणि ते मी एका पायरीवर बसून काढले.

आणि एकदाची ऑर्डर आली. चिकलठाणा. मी ट्रंक, बिछाना, सगळं घेऊन आले. दारात आक्कानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझ्या हाताला धरून म्हणाली, "आलीस बाई. आता तुझी पोर तू बघ, मी सुटले." म्हणाली खरी, पण सुटायचं तिच्याच्यानं होत नव्हतं. पोरीला मी वाढलेलं जेवण चालायचं, वेणी मात्र आक्काच्या हातची लागायची. मी म्हटलं, घाई नाही. आता मी इथंच आहे. एकवीस-बावीस वर्षांची का होईना, लेक ती लेक. मी आता रोज दिसेन, रोज दिसणाऱ्याची खूण बदलते.

वर्ष व्हायच्या आत आक्का गेली. दुपारी जेवण करून भांडी विसळत होती, तिथंच मोरीत बसली आणि तोंड वाकडं झालं. दवाखान्यात चार-सहा दिवस काढले. तिचा उजवा हात गेला होता, त्यामुळं पोरीशी बोलता येईना. पोर तिचा तो लुळा हात स्वतःच्या हातात धरून त्याची बोटं हलवत बसायची. मग तेही संपलं.

पाचव्या दिवशी पोरीच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणी भेटायला आल्या. सगळ्या बहिऱ्याच. एरवी दुखवट्याच्या घरात बायका गळे काढतात, इथं खोलीभर माणसं आणि आवाज नाही. एका मैत्रिणीनं हातानं विचारलं, कोण गेलं? पोरीनं नाकाच्या कडेला बोट टेकवलं. मग तो हात वर नेऊन उघडला. आई गेली. मैत्रीण चपापली. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या चमकीकडं बघितलं, आणि विचारलं, मग या कोण?

पोरीनं मूठ खांद्यावर नेली.

मैत्रिणीनं समजल्यासारखी मान हलवली. पोरीला मिठी मारली, आणि मला लांबून नमस्कार केला. लांबच्या गावाहून मयतीला आलेल्या पाहुणीला करतात तसा.

हे शेजारीच बसले होते. त्यांचे हात उठले, ते पोरीला सांगायला निघाले होते. मी त्यांचे हात धरून खाली घेतले.

"राहू द्या," मी म्हटलं. "आई तिचीच गेलीय."

तेवढं बोलले आणि मोरीत गेले. आक्का जिथं पडली होती तिथं बसून मी रडले. आक्कासाठी रडले, पोरीसाठी रडले, आणि माझ्यासाठी सगळ्यात जास्त रडले. दलात मला कुणी रडताना पाहिलेलं नाही. पण आई मेलेल्या पोरीला जवळ घ्यायला तिथं मीच एक आई होते, आणि मलाच ते करता येत नव्हतं, अशा वेळी काय करायचं हे कुठल्या उस्तादनं शिकवलं नव्हतं.

तेरावा झाला, मी ड्यूटीवर निघाले. दारात पोर उभी. हातात वाटी. तिनं माझा हात पुढं ओढला आणि तळहातावर दही घातलं. मी चिकलठाण्याला निघालेली, शहरातल्या शहरात. मी हातानं सांगितलं, संध्याकाळी येते. तिनं मान डोलावली, आणि आक्का थोपटायची तसं माझ्या दंडावर थोपटलं. तिनं मला धीर दिला. तिचा विश्वास नव्हता, पण मला वाईट वाटू नये म्हणून तिनं हो म्हटलं. मी दही चाटलं आणि जिना उतरले.

त्याच आठवड्यात मी माझी बॅग भांडीवालीला देऊन टाकली. पट्टा अजून शाबूत होता, भांडीवालीनं दोनदा ओढून बघितला आणि एक छोटं पातेलं काढून दिलं. आता डबा हातात घेऊन जाते. अत्तरवाले चाचा थकले आहेत, पण कब आये, कब जारे असं आता विचारत नाहीत. नुसते "आओ भाबी" म्हणतात. मी जिना चढते, खांदे मोकळे, हातात डबा. दाराशी खटका बसवलाय, तो दाबला की आत दिवा लागतो, पोरीला उजेड दिसतो आणि कळतं कुणीतरी आलं. ती दार उघडते. हसते. डबा घेते माझ्या हातातला.

मग आत वळते, बापाला दिसेल असा हात उचलते, मूठ खांद्यावर नेते आणि सांगते, आली.